पोटखराब

महसूल खात्यात चौतीस वर्षे दप्तर सांभाळून अव्वल कारकुनाच्या जागेवरून मी निवृत्त झालो आणि मालवणच्या बाजूला असलेल्या आमच्या वडिलोपार्जित घरी कायमच्या मुक्कामाला आलो, तेव्हा पहिले काम कोणते केले असेल तर तलाठ्याकडून घरच्या जमिनीचा सात-बाराचा उतारा काढून आणला आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून, एखाद्या भाविकाने पोथी वाचावी तसा, तो पहिल्या रकान्यापासून शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाचून काढला. दुसऱ्यांच्या जमिनींचे असे उतारे हजारोंनी डोळ्यांखालून घातलेल्या मनुष्याला स्वतःच्या जमिनीचा उतारा वाचताना, आपलेच पत्र चोरून वाचल्यासारखा, एक विचित्र संकोच वाटतो. तो मलाही वाटला. एकूण क्षेत्र साडेबारा आर. त्यात माड, पोफळी आणि दोन फणस. आणि त्यातून वजा, पोटखराब तीन आर. ज्यांचा आमच्या खात्याशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो की, पोटखराब म्हणजे जमिनीच्या पोटात असलेला, परंतु लागवडीस अयोग्य म्हणून मोजणीच्या वेळी बाजूला काढलेला तुकडा. त्यावर सरकार सारा आकारीत नाही, मालक त्याकडे पाहत नाही, आणि कागदावर तो असून नसल्यासारखा असतो.

आमचे हे तीन आर न्हाणीघराच्या मागल्या भिंतीपासून सुरू होतात आणि शेजाऱ्याच्या हद्दीवर रचलेल्या चिऱ्यांच्या गडग्याशी संपतात. न्हाणीचे पाणी तिकडे वाहत जाते. तेथे बांबूचे एक बेट आहे. फार वर्षांपूर्वीच्या वादळात उन्मळलेल्या तिसऱ्या फणसाचा बुंधा आहे, जो हलवायला सहा गडी लागतील असा हिशेब निघाल्यामुळे कोणी हलवलाच नाही. गोठा मोडल्यानंतर निराधार झालेला शेणकीचा खड्डा आहे. आणि अगदी कोपऱ्यात, माझ्या छातीला लागेल एवढे उंच, तांबडे वारूळ आहे. आजोबांच्या वेळेपासून या भागात कोणी कुदळ मारलेली नाही. यात निसर्गप्रेम नावाची वस्तू मुळीच नव्हती. वारुळाची भीती आणि बाकीच्याचा आळस एवढ्या दोनच कारणांनी तो तुकडा पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला, आणि माझे तर असे मत झाले आहे की या मुलखात जे जे म्हणून शिल्लक उरले आहे त्यांतले पुष्कळसे याच दोन कारणांनी उरले आहे.

त्या वर्षी मृग कोरडा गेला आणि आर्द्रा लागल्याबरोबर पाऊस असा काही कोसळला की तीन दिवस मागचे दार उघडण्याची सोय राहिली नाही. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली, तेव्हा दाराच्या फटीतून वाऱ्याबरोबर एक दुर्गंधी आत आली. "अहो, उंदीर मेलाय कुठे तरी, बघा जरा," अशी सौभाग्यवतींची आज्ञा झाली आणि मी पायांत रबरी जोडे चढवून, हातात काठी घेऊन, पंचनाम्याला निघालो. उंदीर कोठेच नव्हता. बांबूच्या बेटाच्या मुळाशी, कुजक्या पानांच्या काळ्या पातेऱ्यातून, एक वीतभर उंचीचा पांढराशुभ्र दांडा उभा होता. त्याच्या माथ्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरे असलेली आणि शेवाळी रंगाच्या बुळबुळीत द्रवाने माखलेली टोपी होती. आणि त्या टोपीच्या कडेपासून खाली, जवळजवळ जमिनीला टेकेल इतका, एक जाळीदार झगा सुटलेला होता, जो आमच्या आत्याच्या हातच्या क्रोशाच्या रुमालाशेजारी ठेवला असता तर आत्याला आपली सुई खाली ठेवावी लागली असती. घाण येत होती ती त्या माथ्यावरच्या द्रवाला, आणि त्यावर माशांची झुंबड उडाली होती.

जवळच पातेऱ्यातून कोंबडीच्या अंड्याएवढा एक पांढरट गोळा अर्धा वर आलेला दिसत होता आणि त्याच्या शेंड्याला बारीकशी चीर गेली होती. घरातून पाट आणून मी तेथेच बसलो. सरकारी नोकरीने मला दुसरे काही शिकवले असो वा नसो, बसून राहण्याची विद्या उत्तम शिकवली आहे. चीर रुंदावली, आतला चिकट गर दिसू लागला, टोपीचे टोक वर आले, आणि मग दांडा, मिनिटाच्या काट्याप्रमाणे, हलताना दिसत नव्हता पण प्रत्येक वेळी पाहिले की पुढे गेलेला असे. न्याहारीच्या हाका दोनदा येऊन गेल्या. दांडा पुरता उभा राहिल्यावर टोपीखाली चुणीदार घडी करून ठेवलेला झगा सावकाश उलगडू लागला, आणि तो पुरता पसरेपर्यंत पहिल्याचे माथे माशांनी चाटूनपुसून स्वच्छ केले होते. माशांना हवे ते अन्न मिळाले होते, आणि त्या अन्नात मिसळलेले बीजाणू त्यांच्या पायांना व पोटांत चिकटून परगावी रवाना झाले होते. दुपारच्या जेवणानंतर जाऊन पाहतो तो पहिला आडवा पडला होता व झग्याचा चिखल झाला होता.

या वस्तूचे शास्त्रीय नाव व्हाँतना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९८ साली ठेवले, आणि त्यातला दुसरा शब्द अंगातल्या झग्याचा वाचक असल्यामुळे निरुपद्रवी आहे. परंतु पहिला शब्द त्या दांड्याच्या आकृतीवरून इतक्या उघडपणे घेतलेला आहे की तो येथे लिहिताना लेखणी किंचित अडखळते. अडखळणारा मी एकटाच नाही. चार्ल्स डार्विनची एक कन्या या कुळातल्या, झगा नसलेल्या, विलायती अळंब्या वासावरून हुडकून रानातून टोपलीभर गोळा करी आणि घरातल्या मोलकरणींच्या नीतिमत्तेवर परिणाम होऊ नये म्हणून दिवाणखान्याचे दार लावून जाळून टाकी, अशी हकीकत त्याच घराण्यातल्या ग्वेन रावेरा यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ज्या गृहस्थाने जीवसृष्टीच्या उत्पत्तीची कुलकथा निर्भयपणे जगापुढे मांडली त्याच्या लेकीने जीवोत्पत्तीचेच एक साधन चुलीत घालावे, यावर मी आणखी काही लिहीत नाही.

तेव्हापासून मागच्या दाराने बाहेर पडण्याची मला चटक लागली. जुन्या मोडी दस्तऐवजांवरचे पुसट शिक्के वाचण्यासाठी घेतलेले एक पितळी दांड्याचे भिंग माझ्यापाशी होते. ते निवृत्तीनंतर प्रथमच कामाला आले. शेणकीच्या खड्ड्याच्या काठावर एक फुटकी करवंटी पालथी पडून सडत होती, आणि तिच्या पाठीवर मसुराएवढ्या, तपकिरी, केसाळ अशा काही गाठी आल्या होत्या. भिंगाखाली पाहिले तेव्हा त्यांतल्या काहींची वरची झाकणे फाटून त्यांचे लहान लहान पेले झालेले दिसले. एकेक पेला माझ्या करंगळीच्या नखाहूनही अरुंद, आतून राखाडी व चकचकीत, आणि प्रत्येकाच्या तळाशी चार-पाच काळसर, चपट्या गोळ्या, पाखराने घरट्यात अंडी घालून उडून जावे तशा. इंग्रजीत याला पाखराच्या घरट्याचेच नाव आहे.

हे घरटे पावसाच्या थेंबाची वाट पाहत असते. पेल्याची बाजू अशा कोनात उतरती असते की वरून जोराने पडलेला थेंब आत फुटला की त्याचे पाणी कडेने उसळते आणि आपल्याबरोबर एखादी गोळी घेऊन हातभर, कधी त्याहूनही लांब जाऊन पडते. हॅरल्ड ब्रॉडी नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग हे पेले आणि हे थेंब पाहण्यात घालवला व १९७५ साली त्यावर एक अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळीच्या बुडाशी गुंडाळलेला एक सूक्ष्म दोर असतो. उडताना तो सुटतो, गवताच्या पात्याला आपटताच त्याचे चिकट टोक तेथे अडकते आणि दोराचा वेढा पात्याभोवती बसतो. पुढे गाय ते गवत खाते, गोळी तिच्या पोटातून सुखरूप प्रवास करते आणि शेणाबरोबर नव्या गावी वस्तीला उतरते. मी ती करवंटी पागोळीखाली नेऊन ठेवली आणि सभोवती सौभाग्यवतींचा एक काळा परकर, त्यांची परवानगी न घेता, अंथरला. पागोळीच्या तिसऱ्या की चौथ्या थेंबाला परकरावर टप्‌ असा आवाज झाला. काळ्यावरचा तो काळा ठिपका शोधायला मला पाऊण तास लागला, आणि परकराचा खुलासा करायला त्याहून अधिक.

या सगळ्या मंडळींची जात कोणती, हा प्रश्न आमच्या पूर्वजांनाही पडला असावा. संस्कृतात छत्राक, कवक आणि शिलीन्ध्र असे तीन शब्द आहेत. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून कवक द्विजांना वर्ज्य केले, तर कालिदासाने मेघदूतात मेघाच्या गर्जनेने भूमीतून शिलीन्ध्रे वर येतात ही पृथ्वीच्या सुफलतेची खूण मानली. कायदा आणि काव्य यांचे एकाच वस्तूविषयी असे दोन निवाडे पडावेत यात नवल नाही. गडगडाट झाला की अळंबी येतात हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते, आणि जपानातल्या संशोधकांनी अळंब्यांच्या ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे झटके देऊन पाहिले तेव्हा पीक वाढल्याचे त्यांना आढळले आहे. विदर्भात यांना सात्या म्हणतात, टेकोडे म्हणतात, देशावर उकिरड्याजवळ उगवते ती कुत्र्याची छत्री, गोव्यात अळमी.

मी शाळेत शिकलो तेव्हा बुरशी आणि अळंबी यांची नोंद वनस्पतींच्या खात्यावर होती, पाने नाहीत, हिरवा रंग नाही, उन्हापासून अन्न करण्याची कला नाही, तरीही. १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यांचे खाते वेगळे फोडून त्यांना स्वतंत्र सृष्टीचा दर्जा दिला, आणि पुढे तर असे निष्पन्न झाले की त्यांचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी अधिक जवळचे आहे. त्यांच्या पेशींच्या भिंती ज्या कायटिनच्या असतात त्याच द्रव्याचे आमच्या किनाऱ्यावरच्या खेकड्याचे कवच असते. इतका मोठा फेरफार इतक्या उशिरा मंजूर झालेला माझ्या सबंध नोकरीत मी पाहिला नाही. आमच्याच मालवणात १८८४ साली जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली पुण्यात जी संशोधनसंस्था उभी केली आणि जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, तिच्यात वाळवलेल्या कवकांचे एक भले मोठे दप्तर आहे, आणि त्याला अजरेकर या आपल्या आद्य कवकशास्त्रज्ञांपैकी एकाचे नाव दिलेले आहे. कोणी तरी पाकिटावर गाव, तारीख आणि झाड लिहून, चिकटवून, नंबर घालून ही पोटखराब दौलत जपून ठेवतो आहे, हे समजल्यावर मला माझ्या जुन्या कचेरीतल्या मंडळींची आठवण होऊन फार बरे वाटले.

पडलेल्या फणसाच्या बुंध्यावर मात्र शोध लावण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते, कारण त्या बाबतीत माझी आजी माझ्या आधी तेथे पोहोचलेली होती. त्या झाडाला, ते उभे होते तेव्हाच, खोडाच्या वाकणात घोड्याच्या खुरासारखा एक काळा-तपकिरी टणक कंगोरा आला होता, जो वर्षावर्षाला एकेक थर चढवीत जाई. तो फणसांबा. घरात लहान मुलाला लाळ फार गळू लागली किंवा तोंड आले की आजी त्याचा तुकडा सहाणेवर उगाळून त्याचे गंध हिरड्यांना लावी. फेलिनस कुळातले हे कवक; मला ते फक्त कडू लागत असे एवढेच स्मरते. तो आता उरला नाही, पण बुंध्यावर पंख्यासारख्या पांढुरक्या, लोकरीसारखी लव असलेल्या लहान टोप्यांची रांगच्या रांग आहे. चैत्र-वैशाखात त्या अशा वाळून जातात की बोटाने चुरडाव्यात. पावसाची पहिली सर आली की खालचे चिरलेले पडदे उलगडून, जणू मध्यंतरी काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा कामाला लागतात. या एका जातीत परस्परांशी जुळणारे असे वीस हजारांहून अधिक लिंगभेद मोजले गेले आहेत. हे वाक्य मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले, तेव्हा "म्हणजे पत्रिका जुळवायला किती वेळ लागत असेल," एवढेच त्या म्हणाल्या.

आता एक कबुलीजबाब. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात शेणकीजवळच्या गवतात बशीएवढाल्या पांढऱ्या छत्र्या गोलाकार उभ्या राहिल्या. वर फिकट तपकिरी खवले, दांड्याला सुटे कडे, आणि वास अगदी खमंग. तोपर्यंत मी दोन पुस्तके वाचलेली होती, आणि दोन पुस्तके वाचलेल्या मनुष्याइतका धोकादायक मनुष्य जगात दुसरा नाही. कोणी तरी सांगितलेल्या परीक्षाही मी केल्या: पाण्यात उकळताना चांदीचा रुपया घातला, तो काळा पडला नाही; लसणीची पाकळी घातली, ती जांभळी झाली नाही; छत्रीला किडे लागलेले होते, म्हणजे विषारी नसणार. या तिन्ही परीक्षांना काडीचाही आधार नाही, हे मी आज स्वतःच्या पोटाच्या साक्षीने सांगू शकतो. सौभाग्यवतींनी कढई चुलीवर चढवायलाच नकार दिला, म्हणून मीच त्या तुपावर परतल्या आणि एकट्याने खाल्ल्या. पुढच्या दीड-दोन तासांत जे सुरू झाले ते पहाटेपर्यंत थांबले नाही, आणि सकाळी मला तालुक्याच्या गावी नेऊन हाताला सुई टोचून दिवसभर आडवे ठेवावे लागले. घरी आल्यावर, अंगात त्राण नसताना, एक उरलेली छत्री दांडा कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि तिच्यावर वाटी उपडी घातली. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली तेव्हा कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा बीजाणूंचा ठसा उमटला होता, आणि तो मंद शेवाळी हिरवा होता. हिरव्या बीजाणूंची ही छत्री जगभर हिरवळींवर उगवते आणि जगभर माझ्यासारख्यांना आडवे करते. तो कागद मी दप्तरी दाखल करून ठेवला आहे. ज्यांना अळंब्यांची पिढीजात ओळख नाही त्यांनी परसातले काहीही तोंडात घालू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

उजेड देणाऱ्या अळंब्यांविषयी लिहावे अशीही इच्छा होती. भीमाशंकरच्या रानात भर पावसाळ्यात कुजकी लाकडे व पाने रात्री हिरवट उजळतात, आणि ते पाहायला हल्ली माणसे मुद्दाम जातात. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने असा चमकणारा लाकडाचा तुकडा काचपात्रात ठेवून आतली हवा काढून घेतली तेव्हा उजेड मावळला आणि हवा सोडताच परत आला. हे वाचून मी आषाढातल्या अवसेला, वीज गेलेली असताना, बांबूच्या बेटाजवळ छत्री धरून पाटावर दोन रात्री बसलो. पहिल्या रात्री डासांशिवाय काही भेटले नाही. दुसऱ्या रात्री उजेड दिसला, तो मला शोधायला आलेल्या शेजाऱ्याच्या बॅटरीचा निघाला.

परंतु ज्या गोष्टीमुळे हे सर्व लिहायला बसलो ती बांबूच्या बेटातली नव्हे की शेणकीवरचीही नव्हे, ती वारुळावरची. आमच्या वाडीत एक वृद्ध बाई आहेत, साऱ्या गावाच्या त्या काकी. आम्ही राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच पावसात, पुनर्वसू नक्षत्रावर, सकाळी उठून पाहतो तो काकी आमच्या परसात वारुळापाशी ओणव्या झालेल्या, शेजारी टोपली, आणि टोपलीत सागाची पाने. माझ्या अंगातला अव्वल कारकून तत्काळ जागा झाला. कोणाच्या परवानगीने, असे मी विचारले असावे, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडे, लहान मुलाकडे पाहावे तसे, पाहिले. "तात्यानू, रोवणार अळमी इली," त्या म्हणाल्या, जणू यात परवानगीचे काय आले. रोवण म्हणजे वारूळ. गोव्यात त्यालाच रोंयण म्हणतात. आमच्या मुलखातल्या सातेरीच्या कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्ती नसते, वारूळ असते. त्या सकाळी वारुळाच्या अंगाखांद्यावर आणि सभोवतालच्या जमिनीत राखाडी रंगाची, टोकदार, भाल्याच्या फाळासारखी तीस-चाळीस डोकी वर आली होती. काकी एकेक बोटांनी धरून, किंचित पिळून, अलगद ओढीत. लोखंड लावीत नसत. उघडून छत्री झालेल्यांना त्यांनी हात लावला नाही. एक मला धरायला दिली; तिचा दांडा खाली निमुळता होत मुळासारखा जमिनीत इतका खोल गेला होता की माझ्या हातात तुटलेला तुकडाच आला.

ते मूळ नव्हते, हे मला नंतर कळले. जमिनीखाली, वारुळाच्या पोटात, वाळवीने कुजके लाकूड व गवत चावून त्याचे स्पंजासारखे पोळे बांधलेले असते आणि त्या पोळ्यावर ती हे कवक पिकवते. लाकडातले जे वाळवीला पचत नाही ते कवक फोडून देते, आणि त्याच्यावर येणारे पांढरे सूक्ष्म कण वाळवी खाते. तंजावरच्या बाजूला, तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत राहिलेल्या कोनिग नावाच्या वैद्याने १७७९ साली वाळवीच्या घरातल्या या कवकाची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्याचे कुळ वेगळे काढून त्याला स्वतंत्र नाव दिले ते पॅरिसच्या रॉजे हेम यांनी, १९४२ साली, फ्रान्स परक्यांच्या टाचेखाली असताना. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची जुनी आहे; मनुष्याने नांगर हाती घेतला त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली असतील. माणसाला अजून हे पीक काढता आलेले नाही. वाळवी नाही तर अळंबे नाही. म्हणून बाजारात सागाच्या पानावर मांडलेला अळंब्यांचा एवढासा वाटा घ्यायला खिसा मोठा लागतो.

काकी माझ्या आजीच्या वेळेपासून येतात. आम्ही नोकरीपायी बाहेरगावी असताना, घराला कुलूप असतानाही येत होत्या. सुखाधिकाराच्या १८८२ च्या कायद्यात वीस वर्षांच्या उघड, शांत व अखंड उपभोगाने हक्क जन्माला येतो. काकींचा उपभोग साठ वर्षांचा आहे. कायद्याचा काटेकोर कीस काढायचा तर तो हक्क जमिनीला चिकटलेला असावा लागतो आणि काकींना एक गुंठाही जमीन नाही, हे खरे. असे किती अर्ज मी नोकरीत असताना "पुरावा नाही" या दोन शब्दांनी निकाली काढण्यासाठी पुढे पाठवले असतील, त्याचा हिशेब मी मांडलेला नाही. सात-बारावर "इतर अधिकार" म्हणून एक रकाना असतो. त्यात सोसायटीचा बोजा येतो, विहिरीतला हिस्सा येतो. आमच्या उताऱ्यावर तो कोरा आहे. निघताना काकी टोपलीतला पहिला वाटा ओट्यावर ठेवतात. "रोवण मोडू नकात हां," एवढे दरवर्षी न चुकता बजावतात. मी खंड घेतो की त्या, हे अजून माझ्या ध्यानात आलेले नाही.

आणि मालक मी तरी कशाचा? वर दिसतात त्या छत्र्या म्हणजे नुसती फळे. खरे शरीर खाली, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा बारीक धाग्यांचे जाळे, मातीत, लाकडात, पोळ्यात पसरलेले असते. एका वारुळात बहुधा या कवकाचा एकच वाण नांदतो. म्हणजे त्या सकाळी मी पाहिलेली तीस-चाळीस डोकी एकाच धडाची होती. अमेरिकेत ओरेगनच्या रानात अशाच एका कवकाचे एकच शरीर ९६५ हेक्टरांवर पसरलेले आढळले आहे, आणि त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक असावे असा अंदाज आहे. आमच्या तालुक्यातली किती तरी गावे त्याहून लहान आहेत. आमच्या गडग्याच्या पलीकडे शेजाऱ्याच्या हद्दीतही दरवर्षी पाच-सहा अळंबी वर येतात. त्याची वाळवी आणि माझी वाळवी यांची मोजणी कोणी केलेली नाही. गडगा मात्र माझ्या आजोबांनी त्याच्या आजोबांशी तीन वर्षे दावा लढवून बांधला होता.

गेल्या कार्तिकात मी मृत्युपत्राचा खर्डा करवून घेतला. घर, माड, दागिने, बँकेतली शिल्लक यांची कलमे अर्ध्या तासात उरकली. सातवे कलम मी स्वतः सांगितले: पोटखराब क्षेत्रातील वारूळ कोणीही मोडू नये, तेथे कुदळ लावू नये, आणि तेथे पावसाळ्यात उगवणारे अळंबे काढून नेण्याची काकींची पूर्वापार वहिवाट त्यांच्या हयातीत व त्यांच्या पश्चात त्यांच्या लेकीने चालू ठेवण्यास वारसांनी हरकत घेऊ नये. वकिलांनी लिहून घेतले, लेखणी थांबवली, आणि विचारले, "तात्या, 'उगवणारे अळंबे' लिहू की 'उगवणारी अळंबी'? दस्तात एकवचन-अनेकवचनाचा घोळ नको, पुढे वाद होतो." मी विचार करून सांगतो म्हणालो. अजून सांगितलेले नाही, आणि तेवढ्या एका शब्दासाठी तो कच्चा खर्डा त्यांच्या दप्तरात सहीवाचून पडून आहे.